नावातला शेतकरी

वाङ्मयाच्या समीक्षकाने राजकीय पक्षांच्या वाटेला जाऊ नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे पाळला जातो. पक्ष मोठा असला तर त्याच्याविषयी लिहिताना लेखणी बिचकते, आणि लहान असला तर कागद फुकट गेल्यासारखा वाटतो. तरीही यंदाच्या दिवाळीत मी एका लहान पक्षाविषयी, आणि त्याच्या आसपास फुटत-जुळत राहिलेल्या त्याहून लहान गटांविषयी लिहायला बसलो आहे. त्यांच्या राजकारणाचा निवाडा मतपेट्यांनी केव्हाच करून टाकला आहे. त्यात भर घालण्याची मला हौस नाही. मला पाहायची आहे ती त्यांची मराठी. पक्ष हाही एका अर्थी लेखकच असतो. तो स्वतःला नाव देतो, जाहीरनामे लिहितो, पत्रके काढतो, भिंती रंगवतो, चावडीपुढे उभा राहून बोलतो. कवी शब्द निवडतो तेव्हा जसे काही उघड होते आणि काही झाकले जाते, तसेच पक्षाचेही होते. कवीचा शब्द चुकला तर एक कविता बिघडते. पक्षाचा शब्द चुकला तर त्या शब्दाच्या भरवशावर बसलेली माणसे उघड्यावर पडतात.

वाचकांनी मात्र घाबरून जाऊ नये. चकलीचा तुकडा तोंडात असताना त्यांच्याकडून मार्क्सवादाचे पारायण करून घेण्याचा माझा बेत नाही. हा पक्ष म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, आणि ते गट म्हणजे कामगार किसान पक्ष व लाल निशाण. अलिबाग किंवा सांगोल्याकडच्या घरांत यांतले पहिले नाव अजून चुलीपर्यंत पोचलेले असते. इतरत्र आजोबांनाच विचारावे लागेल.

प्रथम हाकेपासून सुरुवात करू. आपल्या राजकारणात माणूस कोणत्या घरचा हे त्याला मारलेल्या हाकेवरून कळते. समाजवादी एकमेकांना ‘साथी’ म्हणाले, कम्युनिस्ट ‘कॉम्रेड’ म्हणाले, आणि शेतकरी कामगार पक्षाने ‘भाई’ हा शब्द घेतला. भाई उद्धवराव पाटील, भाई केशवराव धोंडगे, भाई गणपतराव देशमुख. ‘कॉम्रेड’ हा शब्द बोटीतून आला आणि मराठीत कायमचा पाहुणा राहिला. ‘साथी’त प्रवासाचा सुगंध आहे, पण प्रवास संपला की साथही संपते. ‘भाई’ हा या तिघांत सर्वांत घरगुती. मराठवाड्यात तर त्याला आणखी एक नाद आहे, कारण तिथल्या बाजारात हिंदू आणि मुसलमान दोघेही तो शब्द सारख्याच सहजतेने वापरतात. हाक निवडताना या पक्षाचा कान चांगला होता, एवढे त्याच्या पदरात पहिल्याच पानावर टाकले पाहिजे. मात्र भाऊ म्हटले की वाटणी आलीच, ही गोष्टही त्या शब्दातच दडलेली होती.

पक्षाचा जन्म काँग्रेसच्या घरात झाला. १९४७ साली काँग्रेसच्या आतच शेतकरी-कामगारांचा संघ म्हणून तो उभा राहिला आणि १९४८ मध्ये वेगळा झाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, क्रांतिसिंह नाना पाटील ही त्यातली ठळक नावे. म्हणजे तो मुळातच फुटून निघालेला पक्ष. पण त्याच्या भाषेचे मूळ काँग्रेसमध्ये शोधून सापडणार नाही. ते सत्यशोधकांकडे जाते. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. १९१० साली मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ सुरू केले आणि पुढे नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून अनेक दशके ते चालवले. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ निघाले. त्याचे प्रकाशक होते हेच केशवराव जेधे. त्या पुस्तकावर खटला झाला आणि आरोपींचा बचाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला, हे अनेकांना ठाऊक असेल.

या गद्याची जात सांगायची तर ते क्रियापदांवर चालते. त्यात कोणी तरी कोणाला तरी लुबाडतो, फसवतो, नागवतो. वाक्य वाचले की कर्ता दिसतो, कर्म दिसते, आणि आपण स्वतः कोणत्या बाजूला उभे आहोत हेही कळते. त्याचा दोषही इथेच आहे. शत्रूला चेहरा देता देता लेखक अनेकदा त्या चेहऱ्यावर इतका रागावतो की, चेहऱ्यामागची व्यवस्था त्याच्या नजरेतून सुटते. जवळकरांच्या लेखणीची धार आजही जाणवते. पण धार लागलेली प्रत्येक जागा योग्य होती असे म्हणवत नाही. फुल्यांच्या गद्याची उंची अशी की, त्यांना भटजी दिसतो तसाच गोरा अंमलदारही दिसतो, आणि शेतसारा, जंगलकायदा, पाट-बंधारे यांचा हिशेबही दिसतो.

हा वारसा घेऊन निघालेला पक्ष १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या दाभाडी या गावी जमला, आणि तिथे त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद हे आपले मार्गदर्शक तत्त्वज्ञान म्हणून स्वीकारले. तो मजकूर ‘दाभाडी प्रबंध’ या नावाने ओळखला जातो. शंकरराव मोऱ्यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. मराठी राजकीय गद्याच्या इतिहासात या घटनेला मी मोठे मानतो. जातीच्या भाषेत विचार करणारी एक चळवळ स्वतःहून वर्गाच्या भाषेत बोलू पाहत होती, आणि तेही कोणा परप्रांतीयाच्या दडपणावाचून, मराठी खेड्यात बसून, मराठीत. हे धाडस आहे. असे धाडस करताना भाषा अवघडते यात नवल नाही.

पण अवघडली, हेही खरे. नावच पाहा. ‘प्रबंध’ हा विद्वानांचा शब्द झाला. पण शेतकऱ्याच्या घरात प्रबंध म्हणजे तजवीज. गुरांच्या वैरणीचा प्रबंध झाला का, लेकीच्या लग्नाचा प्रबंध कसा करायचा, असे आपण विचारतो. दाभाडीत प्रबंध झाला असे ऐकून एखाद्या म्हाताऱ्याने, कशाचा झाला, असे विचारले असते तर तो प्रश्न अडाणीपणाचा ठरला नसता. अशा प्रबंधांची रीतच अशी की, ते जगाच्या परिस्थितीपासून निघतात, देशाच्या परिस्थितीवरून प्रांतात उतरतात, आणि बांधावर पोचेपर्यंत वाचणाऱ्याचा व लिहिणाऱ्याचा दोघांचाही दम संपतो.

इथे मला जाफराबादचे नाव काढावे लागते, कारण या शब्दांची पारख मी त्या गावावरून करतो आहे. जाफराबाद हे आज जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. केळना आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. पक्षाच्या इतिहासात त्याचे नाव ठळक अक्षरांत येत नाही. म्हणूनच ते मला कसोटीला बरे वाटते. दाभाडीचा प्रबंध झाला त्या वर्षी जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात आणि हैदराबाद राज्यात होते. दाभाडी मुंबई राज्यात होती. आणि जाफराबादला लागून असलेला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मराठी बोलणारा शेतकरी तीन राज्यांत, तीन प्रकारच्या जमीनकायद्यांखाली नांगर धरून उभा होता. आणि एका बैलगाडीत बसून दिवसाच्या आत त्यातली दोन राज्ये ओलांडता येत होती.

भाषेचीही तीच तऱ्हा. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत इथल्या कचेरीची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठात शिकायचे तर तेही उर्दूतून. रझाकारांचा काळ नुकताच संपलेला, लेव्हीच्या धान्याची आठवण ताजी. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला आणि ‘संरक्षित कूळ’ हा नवा शब्द लोकांच्या तोंडी बसू लागला. अशा गावात ‘भांडवलशाही’, ‘साम्राज्यशाही’, ‘सरंजामशाही’ हे शब्द पोचले तर ते कसे ऐकले गेले असतील?

मराठीत ‘शाही’ हा प्रत्यय आला तो आदिलशाही, कुतुबशाही, निजामशाहीतून. तो राजघराण्याचा प्रत्यय आहे. जाफराबादच्या माणसाच्या लेखी शाहीला चेहरा होता, नाणे होते, दारावर येणारा शिपाई होता. सप्टेंबरात पाच दिवसांच्या कारवाईत एक शाही त्याच्या डोळ्यांदेखत संपली होती. त्याला भांडवलशाही म्हटले की तो तिचा शहा कोण ते शोधणार. सावकाराचे नाव त्याला ठाऊक होते, अडत्याचे ठाऊक होते, पाटलाचे ठाऊक होते. पण या तिघांना एका सूत्रात बांधणारा जो धागा प्रबंधकाराला दाखवायचा होता, तो दाखवायला लागणारे वाक्य त्याच्याजवळ नव्हते. असुडाच्या मराठीत चेहरे होते, त्यांना जोडणारे सूत्र कमी पडत होते. प्रबंधाच्या मराठीत सूत्र आले आणि चेहरे गेले. या दोन मराठींचे लग्न लावून देईल असा लेखक त्या पक्षाला मिळाला नाही, हे त्याच्या शोकांतिकेतले मी पहिले कारण मानतो.

दुसरे कारण त्याहून खोल आहे, आणि ते पक्षाच्या नावात आहे. ‘शेतकरी’ हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो की, त्यात किती माणसे कोंबली आहेत याचा आपल्याला विसर पडतो. जाफराबादच्या शिवारात उभे राहून मोजा. विहिरीवर ऊस किंवा मिरची घेणारा बागायतदार शेतकरी. आभाळाकडे पाहून ज्वारी-कपाशी पेरणारा कोरडवाहूही शेतकरी. दुसऱ्याचे रान बटईने करणारा, ठरलेला पैसा देऊन ठोक्याने करणारा, हेही शेतकरी. पाडव्याला ठरून पुढच्या पाडव्यापर्यंत राबणारा सालगडी स्वतःला शेतकरी म्हणवतो की नाही, हे तो कोणाशी बोलतो आहे यावर अवलंबून. आणि खुरपे घेऊन वाकलेली बाई? तिच्यासाठी तर भाषेने वेगळा शब्दही धड रुळू दिला नाही. यांतल्या बागायतदाराचे आणि सालगड्याचे हित एक कसे, हा प्रश्न ‘शेतकरी कामगार’ या जोडनावात विरघळून जातो. पक्षाचा प्रबंध वर्गांविषयी बोलत होता. पक्षाचे नाव वर्ग पुसत होते. रूपक म्हणून ‘शेतकरी’ हा शब्द थोर आहे. हिशेब म्हणून तो धूसर आहे. आणि पक्षाला रूपकाइतकीच हिशेबाचीही गरज असते.

आता फुटीकडे वळू. प्रबंधाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, शेतकरी कामगार पक्षाच्या बाजूला ‘कामगार किसान पक्ष’ असे एक नवे नाव उभे होते. त्यामागे दत्ता देशमुख आणि त्यांचे सहकारी होते. यांतल्या अनेकांचा प्रवास आणखी जुना. १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या लोकयुद्धाच्या भूमिकेशी न पटल्याने जे बाहेर पडले आणि ‘नवजीवन संघटना’ या नावाने वावरले, त्यांतले बरेच जण पुढे शेतकरी कामगार पक्षात आले होते. तिथूनही ते निघाले. कामगार किसान पक्षानंतर ‘लाल निशाण गट’, आणि गटाचा पुढे ‘लाल निशाण पक्ष’ झाला.

ही नावे एकाखाली एक मांडून वाचा. कविता वाचावी तशी वाचा. शेतकरी कामगार. कामगार किसान. लाल निशाण. पहिल्यात शेतकरी पुढे आणि कामगार मागे. दुसऱ्यात क्रम उलटला. कामगार पुढे आला, कारण सिद्धांतात पुढारपण कामगारवर्गाकडे असते. त्याच फटक्यात ‘शेतकरी’चा ‘किसान’ झाला. किसान हा शब्द मराठीला परका नाही, किसान सभेने तो रुळवला. पण बांधावरचा माणूस स्वतःला तसे म्हणवत नाही. आणि तिसऱ्या नावात शेतकरीही नाही, कामगारही नाही. माणूसच नाही. तिथे केवळ एक निशाण आहे. तीन नावांत माणूस हळूहळू मावळत गेला आणि कापड उरले, असे माझ्यातला समीक्षक म्हणतो.

तोच समीक्षक लगेच स्वतःला थांबवतोही, कारण नाव आणि काम यांचे नाते इतके सरळ नसते. ज्यांच्या नावात माणूस उरला नाही, त्या लाल निशाणवाल्यांनी कामगार संघटनांचे चिवट काम केले. साखर कारखान्यांतले कामगार, अंगणवाडीतल्या सेविका, ग्रामपंचायतींचे कर्मचारी यांच्या दारापर्यंत ते गेले. आणि ज्याच्या नावात शेतकरी पहिला होता, त्या पक्षातले थोर थोर शेतकरीपुत्र एकेक करून जुन्या घरी परतले. केशवराव जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये गेले. शंकरराव मोरे १९५२ साली सोलापुरातून या पक्षातर्फे लोकसभेत गेले होते. १९६२ मध्ये ते पुण्यातून निवडून आले ते काँग्रेसच्या तिकिटावर. नाना पाटील कम्युनिस्ट झाले, आणि साताऱ्याप्रमाणेच १९६७ मध्ये आमच्या मराठवाड्यातल्या बीडनेही त्यांना लोकसभेत पाठवले.

निवडणुकीचे आकडे कोरडे असतात, पण इथे ते बोलतात. १९५२ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाला १४ आणि कामगार किसान पक्षाला २ जागा मिळाल्या. त्याच वर्षी हैदराबाद राज्याच्या १७५ जागांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे १० जण होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ साली, मुंबई राज्यात ही संख्या ३१ वर गेली. जालना मतदारसंघातून त्या वर्षी काँग्रेसचे सैफ तय्यबजी निवडून आले होते. पुढे तिथल्या पोटनिवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे अंकुशराव घारे लोकसभेत गेले. १९६२ मध्ये महाराष्ट्रात १५ आणि १९६७ मध्ये १९ जागा. कृष्णराव धुळपांसारखा या पक्षाचा माणूस विधानसभेत विरोधी पक्षनेता होता. मग ओहोटी लागली. २०१९ मध्ये एक जागा, २०२४ मध्ये एक जागा, तीही गणपतराव देशमुखांच्या सांगोल्याची. लाल निशाणचे तर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, गोर्बाचेव्हच्या धोरणांवरून झालेल्या वादात, आणखी दोन तुकडे झाले, आणि एका तुकड्याने आपल्या नावापुढे कंस काढून त्यात ‘लेनिनवादी’ असे लिहिले. मॉस्कोतल्या भूकंपाने संगमनेर-श्रीरामपूरकडच्या भिंतीला तडा जावा, यातली करुणा कोणा कादंबरीकाराने अजून लिहिलेली नाही.

कंसाविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत. डाव्या पक्षांच्या नावांतले कंस हा थट्टेचा विषय झाला आहे. पण कंस म्हणजे काय? आपले म्हणणे शेवटच्या शब्दापर्यंत नीट सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही, असा हट्ट. लेखकाच्या ठिकाणी हा गुण समजतात. मोठे पक्ष फुटतात तेव्हा बहुधा खुर्चीवरून फुटतात आणि कारण म्हणून एखादे तत्त्व सांगतात. हे लहान गट खरोखरच तत्त्वावरून फुटले. फुटल्याने त्यांच्या वाट्याला काही यायचे नव्हते. त्यांच्या या प्रामाणिकपणाला मी हसू शकत नाही. पण कंसातला शब्द कंसाबाहेरच्यांना ऐकू जात नाही, हा व्याकरणाचा नियम त्यांना भोवला. १९४२ मध्ये ज्या घरातून हे बिऱ्हाड बाहेर पडले, त्याच भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या घरात मूळ लाल निशाण पक्ष २०१७ साली विलीन झाला. पंचाहत्तर वर्षे आणि तीन-चार नावे एवढा तो वळसा.

मग या सगळ्या लिहिण्याबोलण्यातून मराठीला मिळाले काय? डाव्या चळवळीतल्या थोर पुस्तकाचे उदाहरण द्यायचे तर मी गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’चे देईन. १९७०चे हे पुस्तक वारल्यांच्या लढ्याची हकिकत सांगते. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच्या नावातच माणूस आहे. बाईंचा सिद्धांत पक्का होता, पण पुस्तक लिहिताना त्यांनी तो वारल्यांच्या अंगणात बसवला. आमच्या या पक्षाने आणि त्याच्या फाट्यांनी त्या तोडीचे पुस्तक दिले नाही. कम्युनिस्टांच्या लाल बावटा कलापथकासारखा शाहिरांचा ताफाही त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांचे वाङ्मय वेगळ्या ठिकाणी शोधले पाहिजे, आणि ते बोलण्यात आहे.

नाना पाटलांची सभा हा त्या वाङ्मयाचा एक अध्याय. मराठवाड्यात कंधारचे भाई केशवराव धोंडगे हा दुसरा. विधानसभेत अनेकदा आणि १९७७ मध्ये नांदेडहून लोकसभेत गेलेला हा माणूस अनुप्रास, कोट्या आणि म्हणी यांची नुसती उधळण करी. शिष्ट समीक्षेने त्यांना विनोदी वक्ता म्हणून बाजूला ठेवले. पण गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवण्याची कल्पना त्यांचीच. ज्याच्या हातात काठी आहे त्यालाही शब्द असतात आणि त्याच्या शब्दांनाही व्यासपीठ लागते, हे दाभाडीच्या प्रबंधात कुठेही न मावणारे, पण त्याच्याइतकेच मूलगामी विधान होते. प्रबंधाची मराठी आणि असुडाची मराठी यांचे जे लग्न कागदावर लागले नाही, ते अशा वक्त्यांच्या जिभेवर क्वचित लागून गेले. दुर्दैव हे की, जिभेवरचे वाङ्मय माणसाबरोबर जाते. उद्धवराव गेले, धोंडगे २०२३च्या पहिल्याच दिवशी गेले; त्यांचा आवाज ज्यांच्या कानांत आहे ती पिढीही आता काठी टेकत चालते.

आणि एक शब्द. तो आहे ‘आठमाही’. शब्द पाटबंधाऱ्याचा, जुना. कालव्याचे पाणी बारमाही उसाच्या थोड्या रानांना द्यायचे, की आठ महिने अधिक शिवाराला पुरवायचे, हा त्यामागचा वाद. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या समितीत वि. म. दांडेकर आणि वि. रा. देऊस्कर यांच्याबरोबर लाल निशाणचे दत्ता देशमुख होते. आठमाही म्हटले की बागायतदार कोण आणि कोरडवाहू कोण हे आपोआप वेगळे दिसते. ‘शेतकरी’ या धूसर शब्दाच्या आत एक स्वच्छ रेघ पडते. कोणत्याही ‘शाही’चे नाव न घेता विषमता दाखवणारा हा शब्द. राज्यकर्त्यांनी त्याप्रमाणे वागणे मनावर घेतले नाही, ही गोष्ट वेगळी. मला विचाराल तर दाभाडीचा प्रबंध जे पानापानांतून सांगू पाहत होता, ते या एका शब्दात आहे.

आज या गोष्टीचे काय, असे कोणी विचारील. पुढे शरद जोशींनी ‘शेतकरी संघटना’ काढली. त्यांनी शेतकरी ठेवला आणि कामगार गाळला. त्यांचे अर्थशास्त्र या डाव्यांच्या नेमके उलट. पण १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवून आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन, घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा असे त्यांनी सांगितले, तेव्हा त्या जुन्या शब्दात शेवटी बाईला जागा झाली. सरकारांनीही तो शब्द सोडला नाही. २०१९ मध्ये केंद्राची ‘किसान सन्मान’ योजना आली, २०२३ मध्ये राज्याची ‘नमो शेतकरी’. दोन्हींत वर्षाला सहा-सहा हजार रुपये. एकीत किसान, दुसरीत शेतकरी. जणू जुने दोन पक्षच योजना होऊन परत आले. आणि दोन्हींत शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तो. जाफराबादच्या शिवारात जो बटईने सोयाबीन पेरतो, ज्याचे बियाणे स्वतःचे, खत उधारीचे आणि सातबारा दुसऱ्याचा, तो या शब्दाच्या बाहेर उभा आहे. सालगडी बाहेर आहे. निंदणीला जाणारी बाई बाहेर आहे. ‘कामगार’ हा त्या नावातला दुसरा शब्द ज्यांच्यासाठी होता, तीच ही माणसे.

म्हणून या फुटक्या-तुटक्या पक्षांची नावे मला अजून वाचावीशी वाटतात. ‘शेतकरी कामगार’ हे नाव हिशेबात कच्चे होते, हे मी वर लिहिले आहे. पण त्याने त्या दोन शब्दांना शेजारी बसवले होते. त्यांच्यामध्ये ‘आणि’ नव्हता, ‘विरुद्ध’ नव्हता, स्वल्पविरामही नव्हता. ते एकत्र कसे नांदतील हे सांगायचे राहून गेले, आणि त्या न सांगितलेल्या वाक्यावरून भाऊ भांडत राहिले. तरी प्रश्न बरोबर होता. आज मोठमोठ्या पक्षांच्या नावांत हा प्रश्न विचारलेलाही दिसत नाही.

पाडव्याच्या सकाळी ओवाळताना आपल्या घरच्या बायका बळीचे राज्य यावे असे म्हणतात. फुल्यांनी त्या बळीत शेतकऱ्यांचा राजा ओळखला, आणि त्यासाठी त्यांना प्रबंध लिहावा लागला नाही. तो शब्द घराघरात होताच. यंदा तसे म्हटले जाईल तेव्हा घरातल्या एखाद्या शाळकरी पोराने, बळी म्हणजे नेमका कोण, ज्याची जमीन तो की जो राबतो तो, असे विचारले, तर त्याला फराळाचे ताट दाखवून गप्प करू नये. त्या प्रश्नापायी एक पक्ष निम्म्या शतकाहून अधिक काळ झिजला आहे. उत्तर घरच्यांनी आपापले द्यावे.